अंगठा बाहेर

फुक्सरोरच्या उतारावर गाडी खाली झेपावते तेव्हा स्टीअरिंग आधी फारसं बोलत नाही. दोन्ही बाजूंना झाडी, रस्ता किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, वेग वाढत चाललेला, आणि हातात फक्त एक बारीक थरथर. मग तळ येतो. उतार संपून चढ सुरू होतो त्या खळग्यात गाडीचं वजन पुढच्या टायरांवर दाबून बसतं. रस्ता तिथे अगदी सरळ नाही, त्यामुळे चाकं जराशी वळलेली असतात, आणि तेवढ्यात स्टीअरिंग हातात भरतं. पावसाने भिजलेली घोंगडी उचलताना तिचं वजन जसं एकदम मनगटात उतरतं, तसं. लगेच चढाचं डावं वळण लागतं, दाब ओसरतो, आणि जड झालेलं स्टीअरिंग टप्प्याटप्प्याने हलकं होत जातं. जेमतेम दोन सेकंदांचा हा ऐवज. मी तो सात-आठ वर्षं ऐकतो आहे, आणि अजून पुरता ऐकून झाला असं वाटत नाही.

‘ऐकतो’ हाच शब्द मला योग्य वाटतो. हे सगळं घडतं पुण्यातल्या माझ्या खोलीत, लोखंडी चौकटीवर बसवलेल्या सीटवर. फुक्सरोर ज्यावर आहे तो जर्मनीतल्या आयफेल डोंगरांमधला न्यूर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ, म्हणजे १९२७ साली सुरू झालेला आणि आज २०.८३२ किलोमीटर भरणारा तो शर्यतीचा रस्ता, मी डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही. रोमजवळ वाल्लेलुंगा नावाचा शर्यतमार्ग आहे. त्याच्या आवारातून काम करणाऱ्या कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘असेटो कोर्सा’ हा संगणकावरचा खेळ पूर्ण स्वरूपात बाजारात आणला, आणि पुढच्याच वर्षी लेझरने मोजलेला हा रस्ता त्यात दाखल झाला. लेझरने मोजलेला, म्हणजे डांबराचे उंचवटे, ठिगळं, काँक्रीटचे सांधे जिथे आहेत तिथे. खेळाचं चित्र आता थोडं जुनं दिसतं. नवे खेळ डोळ्यांना कितीतरी अधिक देतात. पण या खेळातून हाताला जे मिळतं, त्यासाठी मी अजून त्याच्याकडेच जातो, आणि इथे वाचायचं आहे ते तेवढंच.

हाताला मिळतं म्हणजे काय, ते आधी नीट पाहायला हवं. बाजारातल्या ट्रॉलीचं पुढचं छोटं चाक आठवा. ट्रॉली कुठेही ढकला, ते चाक आपल्या खुंटीच्या मागे जाऊन बसतं. मोटारीच्या पुढच्या चाकांचा कलही असाच थोडा मागे राहण्याचा असतो, म्हणून वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ होऊ पाहतं. पण खरी गंमत रबरात आहे. टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढा असतो. गाडी वळते तेव्हा या तळहाताच्या पुढच्या कडेचं रबर नुकतंच जमिनीला लागलेलं असतं, अजून फारसं ताणलेलं नसतं. मागच्या कडेकडे जाता जाता ते बाजूला अधिकाधिक ओढलं जातं. त्यामुळे बाजूच्या सगळ्या जोराचा मध्य टायरच्या मध्यापासून जरा मागे पडतो. ते काही सेंटिमीटरचं अंतर ही एक तरफ होते, आणि ती तरफ स्टीअरिंगला सरळ करायला बघते. हातात येणारं वजन बरंचसं या तरफेचं असतं.

आता टायर आपल्या मर्यादेकडे निघाला की काय होतं? तळहाताच्या मागच्या कडेचं रबर सर्वात आधी घसरायला लागतं. जोराचा मध्य पुढे सरकतो, तरफ आखूड होते. बाजूची पकड अजून वाढतच असते, तिचं शिखर अजून यायचं असतं, पण स्टीअरिंग मात्र आधीच हलकं व्हायला लागतं. पकड सुटण्याआधी मिळालेली ही सूचना आहे. नजर ती देऊ शकत नाही, कान देतात ते उशिरा देतात. खऱ्या मोटारीत अशा वेळी पाठ, मांड्या, पोट, सगळं शरीर थोडं थोडं सांगत असतं. खोलीतली सीट जागची हलत नाही, तेव्हा अख्ख्या अंगाचं काम दोन तळव्यांवर येतं. म्हणून या खेळात स्टीअरिंगची भाषा इतकी महत्त्वाची, आणि म्हणूनच ती मोठ्याने ऐकण्याचा मोहही इतका मोठा.

मी नॉर्डश्लाइफवर बहुतेक वेळा जुनी बीएमडब्ल्यू एम३ घेतो, १९८६ साली आलेली, ई३० नावाने ओळखली जाणारी, चौकोनी चेहऱ्याची. तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान गाड्या खेळात आहेत. पण तिचे रस्त्यावरचे साधे टायर हळूहळू बोलतात, वाक्य पूर्ण करून थांबतात. शर्यतीचे रुंद टायर तोडून बोलतात.

हे बोलणं ऐकायला नॉर्डश्लाइफवर फ्लुगप्लाट्झ हे चांगलं ठिकाण. चढाच्या माथ्यावर गाडीचं नाक वर जातं आणि स्टीअरिंग हातातून निघून गेल्यासारखं हलकं होतं. माथा ओलांडला की लगेच दुहेरी उजवं वळण. त्या वळणात जरा जास्त वेगाने शिरलात तर स्टीअरिंग पुन्हा हलकं होतं. नवख्या हाताला दोन्ही सारखेच वाटतात, आणि त्यातला फरक कळला की या खेळाचा पहिला पडदा बाजूला होतो. कवितेत जसा एकाच शब्दाचा श्लेष, तसा इथे एकाच हलकेपणाचा. माथ्यावरचं हलकेपण एकदम येतं, आणि येताना रस्त्याचा पोतही घेऊन जातं. डांबराची ती सततची बारीक खरखर क्षणभर बंद होते आणि टायर पुन्हा दाबले गेले की ठोका पडल्यासारखी परत येते. टायर घसरायला लागल्याचं हलकेपण झिरपत येतं, आणि खरखर चालूच राहते. पहिल्यात काही करायचं नसतं. हात जिथे आहेत तिथे ठेवायचे, गाडी परत येईपर्यंत धीर धरायचा. दुसऱ्यात स्टीअरिंग किंचित उलगडायचं, पायाखालचा जोर कमी करायचा. पहिल्याला दुसरा समजून हात हलवला तर गाडी जमिनीला टेकेल तेव्हा चाकं वाकडी असतील. मग पुढचं सगळं वाईट.

या खेळात स्टीअरिंगवर वरून घालायचे काही परिणामही मिळतात: वळणाच्या कडेच्या कर्बची थरथर वाढवा, रस्त्याची खरखर वाढवा, घसरण ठळक करा, हलकेपणा मुद्दाम अधिक हलका करा. मी ते सगळे शून्यावर ठेवतो. मूळ हिशेब स्टीअरिंगच्या दांड्यांवर येणाऱ्या जोराचाच आहे आणि तो पुरेसा बोलका आहे. वरून घातलेली थरथर चवीला झणझणीत लागते, पण मग फ्लुगप्लाट्झवरचं ते खरखर बंद होणं ऐकूच येत नाही.

कारुसेलमध्ये मात्र काही वाढवायची गरज कोणालाच भासू नये. डावीकडे पूर्ण वळून परत जाणारा हा बाक. त्याच्या आतल्या अंगाला काँक्रीटच्या फरश्यांचा कललेला खळगा आहे, आणि त्यात गाडी उतरवायची असते. उतरताना एक धक्का. मग फरश्यांचे सांधे एकामागून एक टायरखालून जायला लागतात. गाडी कललेल्या भिंतीवर दाबलेली, त्यामुळे स्टीअरिंग वळणभर जड, आणि त्या जडपणावर सांध्यांचे ठोके. तबल्यावर डग्ग्याचा घुमारा चालू असताना वर चाटीची बोटं पडावीत, तसे दोन थर एकाच वेळी. ठोक्यांची लय वेगानुसार बदलते. वेग जरा जास्त झाला की ठोके जवळ येतात आणि मग त्यांच्याखालचा जडपणा पातळ व्हायला लागतो. अर्थ उघड आहे, टायर वर चढू पाहतोय. बाहेर पडताना खळग्याची कड ओलांडायची. तिथे उजवं चाक आधी वर येतं, आणि स्टीअरिंगला एक खाडकन हिसका बसतो. या हिसक्याची वाट पाहत बसायचं नसतं, त्याला वाट द्यायची असते. हे मी उशिरा शिकलो. ज्या वळणाने शिकलो ते कारुसेल नव्हे.

एका मित्राने नवी डायरेक्ट ड्राइव्ह मोटर घेतली होती. माझ्याकडे तेव्हा दातेरी चाकांतून जोर पोचवणारं जुनं स्टीअरिंग होतं. त्यात दात्यांची खडखड इतकी, की रस्त्याची खरखर तिच्यात बुडून जायची. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मधे काही नसतं, मोटरच्या दांड्यावरच स्टीअरिंग बसवलेलं असतं. पहिल्या हाट्झेनबाखच्या वळणांतच मी गप्प झालो. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं गाणं समोर बसून ऐकावं, असं झालं. मित्राने जोर पूर्ण ठेवला होता, वीस न्यूटन मीटर, आणि मला तो कमी करावासाही वाटला नाही. उलट मी स्टीअरिंग घट्ट, फार घट्ट धरलं होतं, अंगठे आतल्या दांडीला आतून अडकवून. फुक्सरोर उतरलो, चढलो, आणि आडेनाउअर फोर्स्टला पोचलो. चढावरून दिसत नसलेलं डावं आणि लगेच उजवं. इथे वेगाचा अंदाज चुकलेल्यांची संख्या मोठी आहे. मी त्यांत मिळालो. गवत, मग कठडा. डावं चाक कठड्याला लागलं तसं स्टीअरिंग झटक्यात फिरलं आणि आतली दांडी उजव्या अंगठ्याच्या मुळावर आदळून अंगठा बाहेर घेऊन गेली.

आवाज फारसा झाला नाही. दुखलं मात्र खूप. हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा बाजूला ओढून पाहिला आणि मुळाशी आतल्या अंगाला असलेला अस्थिबंध ताणून अर्धवट फाटल्याचं सांगितलं. स्कीइंग करताना काठी हातात असताना जे पडतात, त्यांना हीच इजा होते. तिचं एक नावही त्यांच्यावरूनच पडलं आहे. सहा आठवडे अंगठा पट्टीत. या काळात शर्टाची गुंडी, चहाचा कप, किल्ली, पेन, सगळ्यांनी मला सांगितलं की हाताची किंमत अंगठ्यात असते.

याची जाणीव मला लहानपणीच करून दिलेली होती, हे मला तेव्हाच आठवलं. माझ्या मामाकडे जुनी जीप होती, पॉवर स्टीअरिंग नसलेली. वेल्ह्याच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर त्याने मला पहिल्यांदा स्टीअरिंग धरायला दिलं, तेव्हा गिअरच्या आधी, क्लचच्याही आधी त्याने माझे दोन्ही अंगठे धरून बाहेर काढले. म्हणाला, “बाळा, अंगठा आत नाही घालायचा. दगडावर चाक चढलं की स्टीअरिंग फिरतं. अंगठा बाहेर असला की ते हातातून जातं, आत असला की अंगठा घेऊन जातं.” तो स्वतः बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसा तळवा स्टीअरिंगवर ठेवायचा. पकडीत जोर नसायचा, पण हात कधी सुटायचा नाही. जंगलात, डोंगरात, वाळवंटात जीप चालवणारे सगळीकडे हेच शिकवतात. पण मी खोलीत बसून खेळत होतो, आणि खोलीतलं स्टीअरिंग हाताला काही करेल हे मनातच आलं नाही.

हाताला इजा होण्याचं कारण अंगठा अडकणं एवढंच असतं असंही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये झांडफूर्टला, फॉर्म्युला वनच्या डच ग्रां प्रीच्या सरावात, ऑस्कर पिआस्त्रीची गाडी तिसऱ्या वळणावर कठड्याला लागलेली होती. मागून आलेल्या डॅनियल रिकार्डोने तिला चुकवताना आपली गाडी कठड्यात घातली. हात स्टीअरिंगवरच राहिला. पुढच्या चाकाला बसलेला धक्का दांड्यांतून थेट हातात आला आणि डाव्या तळहातातलं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, पाच शर्यती हुकल्या, आणि त्याच्या जागी आलेल्या लियाम लॉसनचं नाव जगाला माहीत झालं. ज्या माणसाने आयुष्य स्टीअरिंगमागे घालवलं त्याचा हातही त्या एका क्षणात सुटला नाही, कारण शेवटपर्यंत गाडी वाचवायची ही त्याच्या हाताची सवय. अमेरिकेतल्या इंडिकारमध्ये पॉवर स्टीअरिंग नसतं. तिथले चालक भिंत येताना दिसली की हात स्टीअरिंगवरून काढून छातीशी घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती शरणागती वाटली होती.

आता वीस न्यूटन मीटर म्हणजे किती, ते पाहू. तीस सेंटिमीटर व्यासाचं स्टीअरिंग धरलं तर त्याच्या कडेला साधारण साडेतेरा किलो वजनाइतका ओढा होतो. घरोघरी दिसणाऱ्या लॉजिटेक जी२९ सारख्या स्टीअरिंगचा जोर दोन न्यूटन मीटरच्या थोडा वर आहे, म्हणजे कडेला दीड किलोच्या आसपास. फानाटेकच्या पोडियम मालिकेतली मोठी मोटर २५ पर्यंत जाते, सिम्युक्यूबची एक ३२ पर्यंत. पॉवर स्टीअरिंगच्या रोजच्या मोटारीत वळताना हाताला मोजके न्यूटन मीटरच लागतात. मग इतकी ताकद कशासाठी, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर ‘दिखाव्यासाठी’ असं देणं मला चुकीचं वाटतं, आणि इथेच या विषयाचा गाभा आहे.

गणपतीच्या मांडवात लहान स्पीकरवर आवाज शेवटपर्यंत चढवला की तो फाटतो. गायकाची हरकत, ढोलकीची थाप, सगळं एकाच उंचीवर जाऊन सपाट होतं. कमी ताकदीच्या स्टीअरिंगचंही असंच होतं, आणि त्याला क्लिपिंग म्हणतात. खेळ म्हणतो आता आठ न्यूटन मीटर दे, आता नऊ, आता सात. मोटर प्रत्येक वेळी आपले दोनच देते. ‘असेटो कोर्सा’त याची खूण म्हणून एक छोटी पट्टी दिसते. जोर मोटरच्या आवाक्याबाहेर गेला की ती लाल होते. पट्टी लाल असते तेव्हा फुक्सरोरच्या तळाचा तो भरून येणारा जडपणा नसतो, नुसता जडपणा असतो. तरफ आखूड झाली, टायर सुटायला लागला, तरी हाताला तेच वजन, कारण अजून सगळं छतालाच टेकलेलं. म्हणजे जोर चढवत नेणारा माणूस हाताला अधिक त्रास देतो आणि बदल्यात त्याला कमी कळतं.

मोठी मोटर घ्यायची ती या छताला उंच नेण्यासाठी. वळणातला रोजचा जोर पाच-सहावर ठेवायचा आणि वर मोकळी जागा राहू द्यायची. त्या मोकळ्या जागेत कारुसेलचे ठोके पूर्ण उंचीने येतात, फ्लुगप्लाट्झवरचा जमिनीला टेकण्याचा ठोका येतो, छटा येतात. पण ज्या जागेतून छटा येतात तिथूनच कठडाही येतो. दोनच्या मोटरवर कठड्याचा धक्का छताला आपटून दीड किलोचा होतो, आणि मनगट हसून सोडून देतं. वीसच्या मोटरवर तो संपूर्ण पोचतो. उत्तम यंत्राचं प्रामाणिकपण असं आहे की ते तुमच्या आवडीचं तेवढंच प्रामाणिकपणे सांगत नाही. बनवणाऱ्यांनाही हे माहीत आहे. पोडियममध्ये पूर्ण ताकद उघडायला एक वेगळी किल्ली ठेवलेली होती. अनेक मोठ्या मोटरींबरोबर वीज तोडणारं लाल बटण येतं. काहींच्या सॉफ्टवेअरमध्ये जोर किती झपाट्याने चढावा याला लगाम घालता येतो. तो लगाम थोडा घालावा. ठोक्यांची धार किंचित बोथट होते, कारुसेल तरीही कारुसेल राहतं. लाल बटण उजव्या मांडीपाशी बसवावं, सीटच्या मागे नव्हे. मी पाहिलेल्या अशा चौकटींपैकी निम्म्यांवर ते हाताच्या आवाक्यात नसतं, आणि ते पाहून मला दर वेळी काळजी वाटते.

अंगठ्याची पट्टी सुटल्यावर मी परत बसलो तेव्हा अंगठा अडकवणं शक्यच नव्हतं, दुखत होता. घड्याळात तीन आणि नऊ जिथे असतात तिथे तळवे ठेवले, अंगठे वरच्या कडेला नुसते टेकवले, आणि बोटांनी जेमतेम वेढा दिला. पहिल्याच फेरीत आरेमबर्गच्या उजव्या वळणात, ब्रेक सोडता सोडता, मला ते झिरपणारं हलकेपण इतकं स्पष्ट कळलं की मी चकित झालो. मोटर तीच होती, मित्राचीच, जोर फक्त निम्म्यावर आणलेला. मग लक्षात आलं. घट्ट मुठीत हाताचे स्नायू स्वतःच इतके ताणलेले असतात, की चाकाचं बारीक बोलणं त्यांच्या ताणात विरून जातं. तंबोऱ्याच्या तारेवर बोट दाबून ठेवलं तर जवारी कशी ऐकू येईल? अंगठा वाचवायला जी पकड हवी, नेमकी तीच पकड ऐकायलाही हवी. मामाने एक गोष्ट शिकवली असं मी समजत होतो, त्या दोन होत्या.

घट्ट मुठीचा हिशेब एका धक्क्यात संपत नाही, तो रोज थोडा थोडा वसूल होतो. तास-दीड तास मूठ आवळून खेळलं की कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी दुखायला लागतं, अंगठ्याच्या बाजूने मनगटातून जाणाऱ्या स्नायूबंधांना सूज येते. सकाळी पाण्याचा तांब्या उचलताना ते कळतं. थरथरीचाही आपला वाटा असतो. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलाची नोंद आली होती. तो थरथरणारा कंट्रोलर हातात धरून दिवसाला सात-सात तास खेळायचा, आणि थंडीत त्याची बोटं पांढरी पडून मग लाल होऊन सुजायची. खडक फोडणारं यंत्र वर्षानुवर्षं धरणाऱ्या कामगारांना जे होतं त्याच जातीचं ते दुखणं. तो कंट्रोलर तर हातात मावणारा होता. म्हणून मी थरथर वाढवणाऱ्यांशी पुन्हा एकदा वाद घालतो: ती रसाला मारते, आणि हातालाही.

आणि सुटलेलं स्टीअरिंग. हे सांगायला हवं, कारण हात काढून घ्यायला शिकलेले लोक इथे फसतात. सरळ रस्त्यावर हात पूर्ण सोडले तर ताकदवान मोटर डावीकडे-उजवीकडे डोलायला लागू शकते. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. खेळाचा हिशेब, संगणक, मोटर यांच्यामध्ये जो क्षणाचा उशीर असतो, तो या झोक्याला खतपाणी घालतो. माणसाच्या हातांचं वजन असतं तोवर झोका दबलेला असतो. धडकेनंतरही स्टीअरिंग असंच फिरत राहू शकतं, आणि तेव्हा ‘धरतो’ म्हणून फिरत्या दांड्यांमध्ये बोटं घालणं सर्वात वाईट. हात छातीशी, पाय ब्रेकवर, आणि थांबेपर्यंत थांबायचं. घरात लहान मूल असेल तर खेळ संपल्यावर मोटरची वीज बंद. जी२९ सारखी स्टीअरिंग वीज मिळताच आपणहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून घेतात. मुलाला ते खेळणं वाटतं, आणि तेही त्या वेळी हात पुढे करतं.

स्टीअरिंगने हाताशी झुंजावं ही कल्पना तशी फार जुनी आहे. १९८९ साली अटारी गेम्सने आर्केडमध्ये ‘हार्ड ड्रायव्हिन’ आणला. त्यात बसायला सीट होती, खरी किल्ली फिरवून गाडी चालू करायची, क्लच दाबून गिअर टाकायचा, आणि स्टीअरिंग उलटा जोर द्यायचं. त्या खेळाच्या श्रेयनामावलीत चाचणी चालक म्हणून डग मिलिकन यांचं नाव आहे. टायरच्या आणि गाडीच्या हालचालीचं शास्त्र मांडणाऱ्या मिलिकन पिता-पुत्रांपैकी ते पुत्र; दोघांचा ‘रेस कार व्हेइकल डायनॅमिक्स’ हा ग्रंथ १९९५ सालचा. नाणं टाकून खेळायच्या त्या डब्यामागे टायर ओळखणारा माणूस होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आजच्या मोटरींचा जोर कितीतरी पटींनी वाढला. पण त्या जोराने काय सांगायचं, हा प्रश्न तेव्हाही टायर जाणणाऱ्यालाच विचारावा लागला होता.

अंगठा आता बरा आहे. पावसाळ्यात कधीतरी मुळाशी ठणकतो. माझ्याकडेही आता डायरेक्ट ड्राइव्ह आहे, बाराची, आणि ती साताच्या पुढे मी नेत नाही. परवा रात्री एक फेरी मारली. बेर्गवेर्कपर्यंत सगळं जमलं, कारुसेलच्या कडेवरचा हिसका हातातून आरपार निघून गेला आणि मागे काही ठेवलं नाही. फ्लान्झगार्टेनच्या उडीवर खरखर बंद झाली, मी थांबलो, ठोका आला. गाल्गेनकोप्फच्या लांब उजव्या वळणात बराच वेळ एकच वजन हातात राहिलं, शेवटी जरा पातळ झालं, मी बोटभर उलगडलं, ते परत भरलं. मग डोटिंगर होए, दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्ता. इथे हातांना काही काम नसतं. तळवे टेकवलेले, अंगठे बाहेर, आणि डांबराची ती बारीक खरखर. मधूनच एखादं ठिगळ येतं, डाव्या तळव्याखाली आधी, मग उजव्या.